उकिरड्याचा वाटा

नशिराबाद, ता. १२ फेब्रुवारी १९३५

चि. हिलाल यास जैतूनचा सलाम.

तुझं पत्र पोहोचलं. माझ्या हाती नाही, यांच्या हाती. यांना उर्दू वाचता येत नाही, म्हणून यांनी ते मशिदीच्या ओट्यावर नेऊन वाचून घेतलं. ओट्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं की कासम पिंजाऱ्याची बायको शिर्क करते, एका अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवते, आणि तोबा करून पुन्हा कलमा पढेपर्यंत तिचा निकाह धरू नये. त्या दिवसापासून हे ओसरीत एकटे जेवतात. मी ताट सरकवते, हे तोंड फिरवून घेतात. धुळ्याच्या मदरशात बसून उंटावरून शेळ्या हाकणं तुला सोपं आहे. इथे भाकरी मी थापते.

उर्दूत लिही, असं तू मागेच बजावलं होतंस. मला येत नाही. तुझ्याच मराठी शाळेच्या पाटीवर मी अक्षरं गिरवली, तू झोपल्यावर. अम्मा गेल्यावर तुला मांडीवर घेऊन मीच वाढवलं, तेव्हा कोणत्या भाषेत अंगाई म्हटली ते तू विचारलं नव्हतंस.

आता ज्यावरून एवढं रान पेटवलंस ते ऐक. तू तेव्हा दूर उत्तरेत शिकत होतास, तुला उडत उडत कळलं असेल. माझी तीन पोरं गेली. एक चालायला लागलं होतं. चौथ्या वेळी दाई म्हणाली, या घराला मरणाने ओळखून ठेवलंय, आता पोर या घराचं ठेवू नका. तिने त्याला उकिरड्यावर लोळवलं, सुपात घातलं आणि भिंतीपलीकडच्या वच्छलाबाईच्या दारात नेलं. ती कुणब्यांची, तिचं शेत आहे, केळी आहे, कापूस आहे, मूल नाही. तिने माझ्या पदरात पायलीभर जवारी टाकली आणि पोर विकत घेतलं. नाव पडलं उखर्डू. आपल्या लोकांत अशी पोरं गावोगाव आहेत, कुणब्यांत आहेत, माळ्यांत आहेत. तुझ्या शेजारच्या गल्लीतही एखादा सुपडू सापडेल, त्याला विचार.

विकलेल्या पोराचे नियम असतात. ते झोपतं आपल्या घरी, पण आपण त्याला आपलं म्हणायचं नाही. नवं कापड आपण शिवायचं नाही, दुसऱ्यांनी टाकलेलं घालायचं. नाकात बाळी. तो वच्छलाबाईला माय म्हणतो आणि मला जैतूनबी म्हणतो, जसं गाव म्हणतं. सातव्या वर्षी, सुंता करायच्या आधी, तेवढीच जवारी तिच्या पदरात टाकून पोर परत घ्यायचं. मग ते आपलं.

तू विचारलंस, 'सगळं पाहणाऱ्यापासून तू पोर लपवत होतीस? कुणाला फसवत होतीस?' हा प्रश्न मला गादीत राहिलेल्या सरकीसारखा टोचतो, खोटं कशाला बोलू. पण खरं उत्तर असं की तेव्हा मला कुणीच आठवलं नाही. अल्लाहही नाही आणि दुसरा कुणीही नाही. मला फक्त पोर जगवायचं होतं.

यंदा त्याचं सातवं आहे. मला त्याला एकदा माझा म्हणायचं आहे. इतकंच मागते आहे. त्यात तू आडवा येऊ नकोस.

तुझी बहीण, निकाहातली असो की नसो,
जैतून


नशिराबाद, ता. ३ जून १९३५

मौलवी हिलाल यांस,

चिरंजीव लिहायला हात धजत नाही. तू आता मोठा झालास. दोन माणसं बरोबर घेऊन बहिणीच्या घरी येतोस, आणि बहिणीला पडद्याआड उभी करून ओट्यावरच्या पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात कलमा पढायला लावतोस. कलमा मी रोज पढते, हिलाल. त्या दिवशी पहिल्यांदा चोरासारखी पढले.

तू बोललास मात्र चांगलं. ते मी नाकबूल करणार नाही. तू म्हणालास, ज्याचा मालक एक, त्याने दुसऱ्या कशाला भिऊ नये. नजरेला नाही, उकिरड्याला नाही, राजाला नाही, शेजाऱ्यालाही नाही. देणारा तोच, नेणारा तोच, मध्ये कुणाची दलाली नाही. पडद्याआड मला रडू आलं. इतकी वर्षं मी कशाकशाला भ्याले ते सगळं आठवलं. वाटलं, माझा हिलाल हे शिकून आला, माझ्या मांडीचं सोनं झालं.

मग तू चिमटा मागवलास आणि पोराच्या नाकातली बाळी काढलीस. नाकपुडी फाटली. तू म्हणालास, भरून येईल. आली भरून. नाव ठेवलंस अब्दुल वाहिद, त्या एकाचा बंदा. नावही चांगलं आहे. पण तो त्याला ओ देत नाही.

वच्छलाबाई दारात आली तेव्हाचं तुला आठवत असेल, नसेल तर मी आठवण करून देते. ती आत आली नाही, पायरीवरच उभी राहिली. रिकामा पदर पुढे करून म्हणाली, "मले पोऱ्या नको, मौलवीभाऊ. तुमचाच हाये तो. पन मूठभर जवारी माह्या पदरात टाका न् मंग न्या. त्याच्या जीवाले काई झालं तं?"

आणि तू म्हणालास, "अल्लाहचा बंदा विकला जात नाही. जो विकलाच गेला नाही, तो परत काय घ्यायचा?"

बिनतोड बोललास. ओट्यावरची माणसं वाहवा म्हणाली. वच्छलाबाईला त्यातलं काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की सहा वर्षं जिला माय म्हणून हाक मारली, तिच्या पदरात टाकायला आमच्याकडे मूठभर दाणे नाहीत. ती पदर तसाच धरून परत गेली.

एवढ्यावर तू थांबला असतास तरी मी निभावून नेलं असतं. चार दिवस गेल्यावर मीच तिच्याकडे गेले असते, दोघींनी मिळून रडून घेतलं असतं. पण तू मला ओळखतोस. म्हणून तू मला शपथ घ्यायला लावलीस, अल्लाहच्या नावाने, की त्या घरचं माणूस माझा उंबरा ओलांडणार नाही, माझं पोर तो उंबरा ओलांडणार नाही आणि त्या घरचा दाणा या घरात येणार नाही. आत्ताच म्हणालास ना, कुणाला भिऊ नकोस? आणि लगेच म्हणालास, शपथ मोडलीस तर तुझी खैर नाही. भीती काढलीस एका हाताने आणि घातलीस दुसऱ्या हाताने.

पोर भिंतीला पाठ लावून बसतं. मला अम्मा म्हण, असं हे त्याला शिकवतात. तो गप्प राहतो. परवा वच्छलाबाईने भिंतीवरून केळीची फणी खाली सोडली. मी ती परत भिंतीवर ठेवली. पोर बघत होतं. त्याने मला जैतूनबी म्हणूनही हाक मारली नाही त्या दिवशी.

हे आता माझ्यासोबत जेवतात. निकाह तेवढा नीट केलास.

जैतून


नशिराबाद, ता. ९ सप्टेंबर १९३५

हिलाल,

हे कार्ड घाईत लिहिते. पोराला ताप आहे, उतरत नाही. जळगावच्या डॉक्टरला दाखवलं, त्याने आतड्याचा ताप सांगितला, दूधपाण्यावर ठेवा म्हणाला. पोर माझ्या हातचं पाणी घेत नाही. दात मिटून घेतं. माय, माय करतं. वच्छलाबाई भिंतीपलीकडे बसून असते, तिला सगळं ऐकू जातं, मला तिचं ऐकू येतं.

ती आत आली, तिने चमच्याने पाणी पाजलं, तर घेईल. मला विकत-परत काही करायचं नाही. उकिरड्याशी माझं देणंघेणं उरलं नाही, हे खरं सांगते. फक्त पाणी पाजायला तिला आत येऊ द्यायचं आहे. शपथ तू घातलीस, तूच सोडव. यांना विचारलं तर हे म्हणतात, मौलवीला विचार. उलट टपाली एक ओळ टाक. हात जोडते.

जैतून


नशिराबाद, ता. १७ ऑक्टोबर १९३५

हिलाल,

तुझी दोन पत्रं समोर आहेत. पहिलं माझ्या कार्डाचं उत्तर. त्यात एकच ओळ. 'अल्लाहच्या नावाची शपथ ही पोरखेळ नव्हे, सब्र कर.' मी सब्र केला. दार लावून घेतलं. वच्छलाबाईने बाहेरून कडी वाजवली, मी उघडली नाही. पोराने माझ्याकडे बघणंही सोडलं, ते दाराकडे बघायचं. मी त्याचं तोंड धरून पाणी ओतलं, ते गालावरून गेलं. तुझा अब्दुल वाहिद असा गेला.

जनाज्याची नमाज आमच्या गावच्या म्हाताऱ्या इमामसाहेबांनी पढवली. नंतर ते ओसरीवर टेकले आणि मी पडद्यातून त्यांना शपथेचं विचारलं. ते म्हणाले, चांगल्या कामाच्या आड शपथ आली तर ती मोडावी आणि दहा भुकेल्यांना जेवू घालावं, असा हुकूम आहे, पहिल्या इयत्तेतलं पोरही हे शिकतं. त्यांना वाटलं होतं मला ठाऊक असेल, माझा भाऊ मौलवी आहे.

तुला ठाऊक होतं. दहा माणसं, हिलाल. मी माझी पाटली विकून शंभर जेवू घातली असती. तुला ती ओळ लिहायला जड गेली, कारण मग धुळ्यात म्हटलं गेलं असतं की मौलवीने स्वतःच घातलेली शपथ स्वतःच सोडवली, आणि तीही एका कुणबिणीसाठी. खोटं असेल तर सांग.

दुसरं पत्र तू तो गेल्यावर लिहिलंस. त्यात आहे, 'सहा वर्षं तू उकिरड्यावर भरवसा ठेवलास, त्याची ही शिक्षा. उकिरड्याने जे जगवलं ते उकिरड्यातच गेलं.' हे वाक्य तू दोनदा वाचून मगच पाकिटात घातलं असशील. तुला तुझं बोलणं आवडतं.

आता इकडचं ऐक. वच्छलाबाई सगळ्या गावाला सांगते, "परत न घेता नेला पोऱ्या, म्हनून गेला." तुझं आणि तिचं आयुष्यात कधी जमलं नसतं, पण यात तुमचं अगदी एकमत आहे. माझ्या पोराला उकिरड्याने मारलं. ती म्हणते, त्याचं देणं चुकवलं नाही म्हणून. तू म्हणतोस, त्याच्याकडून घेतलं म्हणून. मारणारा दोघांचाही तोच.

पण तुम्हा दोघांना न जुळणारी एक गोष्ट आहे. ती मला यांनी सांगितली, चाळीस दिवसांची वाटही न पाहता, माझ्या पायाशी बसून. शेवटच्या दिवशी दुपारी हे मागच्या दाराने वच्छलाबाईकडे गेले होते. पायली भरून जवारी तिच्या पदरात टाकून आले. तीच जवारी, तेच माप. तिने घेतली आणि पोर परत दिलं असं तीनदा म्हणाली. ओट्यावर तुझी वाहवा करणारा माझा नवरा. तिला विचारलं तर ती मान खाली घालते, नाही म्हणत नाही. तर विकलेलं पोर रीतीने परत घेतलं गेलं होतं. माझी तोबाही झाली होती, कलमाही झाला होता. दोन्हीकडचं सगळं झालं होतं. पोर दिवेलागणीला गेलं.

तेव्हा मला तुझं ते पडद्यापलीकडचं बोलणं पहिल्यांदा कळलं. देणारा एक, नेणारा एक. उकिरड्यात शेण असतं आणि राख असते. त्याने माझं पोर सहा वर्षं जगवलं नाही आणि त्याने ते मारलंही नाही. ज्याने दिलं त्याने नेलं, आणि का नेलं ते त्याने मला सांगितलं नाही, तुलाही सांगितलं नाही. एवढं मान्य करायला किती जड आहे ते मला विचार. कुणावर तरी ढकलता आलं की रडणं सोपं जातं. मी कुणावर ढकलत नाही. पाण्याचं तेवढं तुझ्यावर आहे, मरणाचं नाही.

आणि तू, इतकं शिकून, लिहितोस की उकिरड्याने नेलं. म्हणजे मारायच्या कामात तू अल्लाहला उकिरडा भागीदार करून दिलास. मी तो बसवला तेव्हा अडाणी होते आणि तीन पोरं पुरून आले होते. तू कोणती पोरं पुरली होतीस? आणि आईच्या गुन्ह्यासाठी पोराचा जीव घेणारा मालक मला तरी कुणी शिकवला नाही. कुणाचं ओझं कुणी उचलत नाही, असं इमामसाहेब म्हणतात. तुझा तो वेगळाच कुणी असेल. मग दोन झाले.

तोबा कर, हिलाल. पडद्याआड नको. मशिदीच्या ओट्यावर माणसं जमवून कर, मोठ्याने. आणि तोवर तुझा निकाह धरायचा की नाही, ते तुझी मेहरुन्निसा ठरवील.

मला पत्र लिहू नकोस. आलं तर चुलीत जाईल, वाचून घ्यायला ओट्यावर नाही जाणार.

जैतून


नशिराबाद, ता. २२ मार्च १९३८

हिलाल,

तुझ्या पत्राला चूल दाखवणार होते. पण ते घेऊन मेहरुन्निसा दारात उभी होती, आणि तिच्या कडेवर महिन्याचं पोर होतं. पाहुणीला दारातून कसं फिरवू? आत घेतलं, हातपाय धुवायला पाणी दिलं, मग वाचलं. या खेपेला तू मराठीत लिहिलंस.

तुझी दोन पोरं गेली, हे मला नात्यातून कळलं होतं. मी तेव्हा काही लिहिलं नाही. तू तेव्हा उकिरड्याचं नाव घेतलं असतंस की काय, ही भीती होती.

आता तू लिहितोस की मेहरुन्निसा रात्रंदिवस रडते, तिच्या समाधानासाठी, केवळ तिच्या समाधानासाठी, वच्छलाबाईच्या हातून ते उकिरड्याचं करून घ्यावं. धुळ्यात नको, तिथे तुझं नाव आहे. नशिराबादला कुणाला कळणार नाही. तू स्वतः मानत नाहीस, पण बायकांचं मन. मी मेहरुन्निसाला विचारलं. ती धुळ्याची, साधी, तिला लपवता येत नाही. म्हणाली, "त्याच म्हनतस, मी काय म्हनू? बठ्ठी रात पोऱ्याना नाकले हात लायी बसतस, श्वास शे का नही ते दखतस." तर हे तुलाच हवं आहे, आणि रात्रभर पोराच्या नाकाशी हात धरून तू बसतोस. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, ते खरं. हे ऐकताना मला आनंद झाला, हिलाल. मी लपवत नाही. माझ्या पोराची नाकपुडी फाडलेला हात तो.

वच्छलाबाईला कुणी सांगितलं देव जाणे. ती जवारीचं माप आणि सूप घेऊन पायरीवर येऊन बसली. तिला वाटलं, आता तरी काही भरून निघेल. पोराकडे बघून तिचे डोळे भरले. मेहरुन्निसा उठून पोर तिच्या हाती द्यायला निघाली. मी मध्ये उभी राहिले.

तिने माझे पाय धरले. म्हणाली, तुम्ही पण आई होत्या. मी तिला तेच सांगितलं जे तू मला सांगितलंस, त्याच शब्दांत. "अल्लाहचा बंदा विकला जात नाही." ती तुझीच बायको, तिने हे शब्द घरात शंभरदा ऐकले असतील, पण माझ्या तोंडून ऐकताना तिचा चेहरा असा झाला की वच्छलाबाईने सूप उचललं आणि निघाली. जाताना मला म्हणाली, "जैतून, तू दगड झाली वं." झाले असेन.

तू म्हणशील, बहीण सूड घेते. आणि धुळ्यातला एखादा शहाणा म्हणेल, नाही, बहिणीचं ईमान पक्कं झालं. मला विचारशील तर मलाही निवडता येत नाही. दोन्ही एकाच हाताने होत असेल. तुझ्या पोरावर माझा राग नाही. ते गोरंपान आहे, अंगठा चोखतं, आमच्या अब्बांचं कपाळ त्याच्याकडे आलंय. ते जगावं असं मला वाटतं. मी नमाजीनंतर त्याच्यासाठी हात उचलले. पण दुसऱ्या कुणापुढे मी ते नेऊ देणार नाही, आणि माझ्या उंबऱ्यावर तर नाहीच. ही वाट तूच बंद केलीस. ती बंद आहे आणि बंदच बरी आहे. आता त्या एकापुढे जा आणि माझ्यासारखा उभा राहा, मध्ये दार नाही, दाई नाही, जवारी नाही, माझ्यावर ढकलायलाही काही नाही. एक मालक असणं म्हणजे काय ते तुला आता कळेल. पुस्तकात होतं तोवर ते सोपं होतं.

पोराच्या अंगाला तेल लाव, उन्हात धर. मेहरुन्निसाला अंगावर दूध कमी आहे, तिला गव्हाची खीर दे. तिला फिरवलेल्या तोंडाने जेवायला बसवू नकोस. यांनी दोघांना टांग्याने जळगावला नेऊन गाडीत बसवायचं ठरलं आहे, चाळीसगावला गाडी बदलायला तिला कुणी सोबत मिळेल असं बघतील. धुळ्याच्या स्टेशनवर तू ये. ही चिठ्ठी तिच्याच हाती देते. तिला वाचता येत नाही, तूच वाच; ओट्यावर सगळ्यांना ऐकवायची तर ऐकव.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, 'आपा, झालं ते विसर. अल्लाह माफ करणारा आहे.' आहेच. रडून माग, तुला तो माफ करीलही. तो एकटाच तसा आहे, त्याच्यासारखा दुसरा कुणी नाही, हे तूच मला पढवलंस.

मी तो नाही.

जैतून